खोक्यावर दोन हजार पट, कामाला चारशे: विद्यार्थी मायक्रोस्कोपचं परीक्षण

हरियाणातलं अंबाला हे वैज्ञानिक उपकरणांचं गाव. तिथल्या कारखान्यांतून एका ठरलेल्या साच्याचा मायक्रोस्कोप निघतो आणि वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या रंगांच्या खोक्यांतून आपल्यापर्यंत येतो. शालेय साहित्याच्या दुकानात तोच, ऑनलाइनही तोच. एका डोळ्याने बघायचा, ४५ अंशांत कललेला, फिरत्या चकतीवर ४, १०, ४० आणि १०० पटीची चार ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याकडची भिंगं), १० पटीचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग), खाली एलईडी आणि स्टेजखाली, म्हणजे स्लाइड ठेवायच्या पाटाखाली, वर-खाली होणारा ॲबे कंडेन्सर (प्रकाश नमुन्यावर एकवटणारी भिंगं). हे परीक्षण म्हणूनच कुठल्या एका कंपनीचं नाही, या साच्याचं आहे.

निकाल आधीच सांगतो. दहा हजारांच्या आसपास मिळणाऱ्या उपकरणांत हा घेण्यासारखा आहे. अकरावी-बारावीचे प्रयोग, डबक्यातलं पाणी, दह्यातले जीवाणू, रक्ताचा रंगवलेला स्मिअर (काचेवर पसरलेला पातळ थर), एवढं सगळं यात नीट दिसतं. पण त्याचं श्रेय खोक्यावरच्या आकड्याला नाही. ते जातं जाहिरातीच्या फोटोत धड दिसतही नाही अशा कंडेन्सरला, आणि बऱ्याच अंशी स्लाइड बनवणाऱ्याच्या हाताला.

आधी तो आकडा. १०० च्या ऑब्जेक्टिव्हवर सोबत दिलेला २० पटीचा जादा आयपीस लावला की गुणाकार दोन हजार येतो. गुणाकारात चूक नाही. अडचण अशी की नमुन्याची मोठी, उलटी प्रतिमा नळीच्या वरच्या टोकाशी तयार करण्याचं काम ऑब्जेक्टिव्हचं असतं आणि आयपीस ती प्रतिमा भिंगातून बघावी तशी दाखवतो. जो बारकावा ऑब्जेक्टिव्हने वर आणलाच नाही तो आयपीस कुठून आणणार? फुग्यावर लिहून फुगा फुगवला की अक्षरं पसरतात, मजकूर वाढत नाही.

ऑब्जेक्टिव्हच्या अंगावर दोन ओळी कोरलेल्या असतात, त्या वाचाव्यात. चाळीसवर साधारणपणे ४०/०.६५ आणि खाली १६०/०.१७ असं असतं. ०.६५ हा एनए (न्यूमरिकल अपर्चर), म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचं माप. १६० ही नळीची लांबी आणि ०.१७ ही कव्हरस्लिपची, म्हणजे नमुन्यावर झाकायच्या पातळ काचेची, अपेक्षित जाडी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दोन ठिपके वेगळे दिसतील की एकच धब्बा दिसेल हे एनएवर ठरतं. हिरवा उजेड धरला, म्हणजे ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा, तर ४/०.१० ला सुमारे ३.४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतरावरचे ठिपके वेगळे दिसतात, १०/०.२५ ला १.३, ४०/०.६५ ला अर्ध्या मायक्रॉनवरचे, आणि १००/१.२५ ला तेल लावून पाव मायक्रॉनच्या किंचित वर. कामाला येणारं एकूण वर्धन एनएच्या ५०० ते १००० पट इतकंच असतं. चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हला ही मर्यादा ३२५ ते ६५०, त्यामुळे १० च्या आयपीसबरोबर मिळणारी ४०० पट त्यात आरामात बसते. २० चा आयपीस लावून ८०० केली की प्रतिमा मोठी, मंद आणि मऊ होते. शंभरला कमाल १२५०. तो जादा आयपीस पेटीतच राहू द्यावा.

१० च्या आयपीसवर ‘वाइड फील्ड १८’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे आयपीसमधून दिसणाऱ्या प्रतिमेच्या वर्तुळाचा व्यास १८ मिलिमीटर. ते खरं आहे का हे प्लास्टिकच्या पारदर्शक फूटपट्टीने कळतं. चारच्या ऑब्जेक्टिव्हखाली फूटपट्टी ठेवली की वर्तुळाच्या व्यासात साडेचार मिलिमीटर मावायला हवेत, कारण १८ भागिले ४. पावणेचारच मावले तर आयपीस १८ चा नाही, १५ चा आहे. ही मोजणी एकदा करून ठेवली की पुढे मापाचा प्रश्नही सुटतो. १८ चा आयपीस असेल तर दहाखाली व्यास १.८ मिलिमीटर, चाळीसखाली ०.४५, शंभरखाली ०.१८. चाळीसखाली एखादी पेशी व्यासाच्या पाचव्या भागाएवढी दिसली तर ती ९० मायक्रॉनची. शालेय कामाला इतकी अचूकता पुरते. खरंच मापं घ्यायची असतील तर आयपीसमध्ये बसणारी रेघांची चकती आणि एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेली स्टेज मायक्रोमीटर स्लाइड वेगळी घ्यावी लागते.

आता कंडेन्सर. तो उजेड वाढवण्यासाठी असतो हा प्रयोगशाळांमधला सर्वात चिवट गैरसमज. उजेड वाढवायला एलईडीचं बटण आहे. कंडेन्सर नमुन्यावर प्रकाशाचा शंकू पाडतो, आणि त्या शंकूची रुंदी ऑब्जेक्टिव्हच्या एनएला साजेशी असावी लागते. कंडेन्सरमधला आयरिस, म्हणजे उघडझाप होणारा पडदा, हा शंकू लहान-मोठा करतो. बहुतेक विद्यार्थी काय करतात? कांद्याच्या सालीसारखा पारदर्शक नमुना फिका दिसला की आयरिस मिटत नेतात. कडा काळ्या आणि ठसठशीत होतात, बघणाऱ्याला वाटतं आता स्पष्ट दिसलं. प्रत्यक्षात चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हला पूर्ण शंकू मिळतो तेव्हा तो ०.५ मायक्रॉनचा बारकावा देतो, आणि आयरिस ०.१ एनएइतका मिटला की तोच ०.९ मायक्रॉनवर येतो. महाग ऑब्जेक्टिव्ह घेऊन स्वस्तातलं काम करून घेतल्यासारखं. शिवाय प्रत्येक कणाभोवती कडी उमटतात, आणि ती पुष्कळदा पेशीभित्तिका म्हणून वहीत काढली जातात.

आयरिस बरोबर लावायची रीत सोपी आहे. नमुना फोकसमध्ये आणा, आयपीस उपसून काढा आणि रिकाम्या नळीतून खाली बघा. ऑब्जेक्टिव्हच्या मागच्या भिंगात उजेडाची चकती दिसते. आयरिस हळूहळू मिटत न्या, चकतीच्या व्यासाचा साधारण तीन चतुर्थांश भाग उजळ राहिला की थांबा, आयपीस परत बसवा. ऑब्जेक्टिव्ह बदललं की हे पुन्हा करायचं. चार-पाच दिवसांत हाताला अंदाज येतो. उंचीसाठी दहाचं ऑब्जेक्टिव्ह लावून स्लाइड फोकस करा, एलईडीवरच्या काचेवर पेन्सिलचं टोक टेका आणि कंडेन्सर वर-खाली करा. नमुन्याबरोबरच पेन्सिलचं टोकही स्पष्ट दिसलं की उंची बरोबर. बहुतेक वेळा ती जागा कंडेन्सर पार वर नेऊन एक-दोन मिलिमीटर खाली घेतल्यावर येते. एलईडीचा दाणेदारपणा दिसू लागला तर अगदी थोडा आणखी खाली. चारच्या ऑब्जेक्टिव्हला मात्र क्षेत्राच्या कडा काळवंडतात, तेव्हा कंडेन्सर बराच खाली न्यावा लागतो.

म्हणून विकत घेताना फोटोत एकच गोष्ट शोधा: स्टेजखाली बाजूला कंडेन्सर हलवायचा वेगळा नॉब आहे का. याच किमतीत, तशाच दिसणाऱ्या काही नमुन्यांत कंडेन्सर स्टेजला घट्ट बसवलेला असतो आणि आयरिसऐवजी पाच भोकांची फिरती चकती असते. तो चाळीसपर्यंत चालतो. पण मग त्यातल्या शंभरच्या ऑब्जेक्टिव्हचे पैसे वाया गेले असं समजा.

उपकरण घरी आलं की परत करायच्या मुदतीत काही गोष्टी तपासून घ्याव्यात. दहावर एखादा धुळीचा कण बरोबर मधोमध आणून फोकस करा आणि चाळीस फिरवा. कण क्षेत्राच्या आत राहायला हवा आणि फाइन नॉबच्या (बारीक फोकसच्या) अर्ध्या-पाऊण फेऱ्यात स्पष्ट व्हायला हवा. कण क्षेत्राबाहेरच गेला तर चकतीची बैठक वाकडी आहे, आणि ते घरी दुरुस्त होत नाही. मग चाळीसवर फोकस करून दहा मिनिटं हात लावू नका. प्रतिमा आपोआप विरघळत गेली तर स्टेज स्वतःच्या वजनाने उतरतंय. हा दोष मात्र किरकोळ आहे: कोर्स नॉबच्या (ढोबळ फोकसच्या) आतल्या बाजूला ताण कमी-जास्त करणारी कडी असते, ती थोडी आवळली की काम झालं. बरेच जण कडी आवळण्याऐवजी नॉब जोरात पिळतात आणि आतले प्लास्टिकचे दाते झिजवतात.

तिसरी तपासणी कंडेन्सरच्या केंद्राची. दहाच्या ऑब्जेक्टिव्हवर आयपीस काढून आयरिस पूर्ण मिटवा. उजेडाचा छोटा ठिपका नळीच्या मधोमध दिसायला हवा. या साच्यात कंडेन्सर एका बाजूच्या स्क्रूने कडीत धरलेला असतो, केंद्र जुळवायचे स्क्रू नसतात. ठिपका थोडा बाजूला असेल तर स्क्रू सैल करून कंडेन्सर पुन्हा सरळ बसवा. कडेलाच चिकटलेला राहिला तर परत पाठवा. शेवटी कोरड्या स्मिअरवर किंवा बारीक रेघांवर चाळीसची प्रतिमा बघा. मध्यभाग स्पष्ट आणि कडा सगळीकडे सारख्याच मऊ असतील तर तो दोष नव्हे. साध्या ॲक्रोमॅट भिंगांचं प्रतिमाक्षेत्र वाडग्यासारखं वक्र असतं, सपाट क्षेत्रासाठी प्लॅन ऑब्जेक्टिव्ह लागतात आणि त्यांची किंमत वेगळ्याच इयत्तेतली. पण डावी कड स्पष्ट आणि उजवी धुरकट असेल तर भिंग तिरकं बसलंय किंवा स्टेज कललंय.

काळे ठिपके दिसले म्हणून लगेच तक्रार करू नका. आयपीस फिरवा: ठिपके सोबत फिरले तर धूळ आयपीसवर आहे. स्लाइड सरकवल्यावर सरकले तर स्लाइडवर. ऑब्जेक्टिव्ह बदलल्यावर गेले तर ऑब्जेक्टिव्हवर. कंडेन्सर हलवल्यावर स्पष्ट-अस्पष्ट होत असतील तर कंडेन्सरच्या किंवा दिव्याच्या काचेवर.

चार आणि दहा या दोन ऑब्जेक्टिव्हबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ती चांगली आहेत, अंतर ऐसपैस आहे, काही बिघडत नाही. शोध चारवर सुरू करायचा आणि दहावर नेमका करायचा. वर्गात नेमकं उलटं घडतं: पोरं थेट चाळीस फिरवतात, कोर्स नॉब वर दाबतात आणि टक्क आवाज येतो. चाळीस आणि शंभरची टोकं स्प्रिंगवर आत सरकतात म्हणून भिंग वाचतं, कव्हरस्लिप वाचत नाही. कोर्स नॉबला हात लावायचा तो चार किंवा दहावर असताना, आणि तोही बाजूने डोळा ठेवून. आयपीसमधून बघताना नमुना नेहमी भिंगापासून दूर न्यायचा.

चाळीसवर थांबूया, कारण नव्वद टक्के तक्रारी ‘चाळीसवर दिसतच नाही’ अशाच असतात, आणि त्यात भिंगाचा दोष क्वचित असतो. भिंगाचं टोक आणि कव्हरस्लिप यांच्यात अर्धा-पाऊण मिलिमीटरच जागा असते. स्लाइड चुकून पालथी ठेवली तर मध्ये एक मिलिमीटरहून जाड काच येते. दहावर सगळं छान दिसतं आणि चाळीसवर फोकस होण्याआधीच भिंग काचेला टेकतं. तयार स्लाइडच्या संचांबरोबर हा घोळ हमखास होतो. दुसरं कारण एकमेकींना चिकटून आलेल्या दोन कव्हरस्लिप. डबीतून काढल्यावर बोटाने हलकं घासून पाहावं. तिसरं, पाण्याचा थेंब मोठा. नमुना वर चिकटलेला नसून खाली तळाशी असेल तर मधल्या पाण्याचा थरही जाडीत धरला जातो, आणि एनए ०.६५ ला तो सहन होत नाही: प्रतिमेवर दुधी पडदा येतो. टीपकागदाचा कोपरा कव्हरस्लिपच्या कडेला लावून जादा पाणी शोषून घ्या, पडदा उठतो.

कव्हरस्लिपचा नंबर पाहून घ्यावा. ०.१७ मिलिमीटरला जवळचा नंबर दीड, म्हणजे ०.१६ ते ०.१९. दुकानात सहसा नंबर एक मिळतो, ०.१३ ते ०.१६, तो ओल्या नमुन्यांना उलट अधिक बरा, कारण पाण्याच्या थराची थोडी भरपाई होते. मुलांच्या किटमध्ये येणारे प्लास्टिकचे चौकोन ओरखडतात आणि वाकतात. ते फेकून द्यावेत.

आणखी एक गोष्ट चाळीसवर समजून घ्यावी लागते. एका वेळी फोकसमध्ये असणारा थर जेमतेम दीड मायक्रॉन जाडीचा असतो. कांद्याची पेशी त्याच्या कितीतरी पट जाड. त्यामुळे एकाच फोकसवर थांबून भित्तिका, केंद्रक, पेशीद्रव्य सगळं दिसेल ही अपेक्षाच चुकीची. डावा हात फाइन नॉबवर ठेवून सतत पाव-पाव फेरी पुढे-मागे करत राहायचं आणि थरांचं चित्र मनात जोडायचं. अनुभवी माणूस आणि नवखा माणूस यांच्यातला फरक बघायचा असेल तर त्यांच्या डाव्या हाताकडे बघा.

या उपकरणाची ताकद दाखवणारा सर्वात चांगला नमुना कांदा नव्हेच, रिओचं पान. बागेत, सोसायटीच्या कुंड्यांत सगळीकडे असतं, वरून हिरवं आणि खालून जांभळं. पान तिरकं फाडलं की खालच्या बाजूची जांभळी पातळ साल सुटते. पाच मिलिमीटरचा तुकडा, पाण्याचा एक थेंब, कव्हरस्लिप एक कड टेकवून ४५ अंशांतून हळू खाली सोडायची म्हणजे हवा अडकत नाही. जाड काळ्या काठाचे अगदी गोल आकार दिसले तर ते बुडबुडे. रंग द्यायची गरज नाही, रंग पेशीतच आहे. दहावर जांभळ्या फरशीत हिरवट पर्णरंध्रं विखुरलेली दिसतात, चाळीसवर रक्षकपेशींतली हरितलवकं मोजता येतात. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला पाच टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब आणि समोरच्या कडेला टीपकागद. काही मिनिटांत जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आकसायला लागतो. पुस्तकात दोन आकृत्यांत उरकलेलं रससंकोचन इथे चालू असताना दिसतं, आणि साधं पाणी आत ओढून उलटंही फिरवता येतं, फार उशीर केला नसेल तर.

कांदाच हवा असेल तर मांसल पापुद्र्याच्या आतल्या बाजूची साल घ्या, घडी पडू देऊ नका आणि आयोडीन पातळ करून द्या. गडद आयोडीनमध्ये सगळंच पिवळं होतं आणि केंद्रक त्यात हरवतं. गालाच्या पेशींसाठी कापसाच्या काडीने गालाच्या आतून हलकं फिरवून काचेवर पातळ थर द्या, वाळू द्या, ०.१ टक्का मेथिलीन ब्लू एक मिनिट, मग पाण्याने धुवा. बाजारातलं एक टक्क्याचं द्रावण तसंच वापरलं तर निळं डबकं मिळतं.

डबक्यातल्या पाण्यासाठी याच कंडेन्सरमध्ये एक फुकटची सोय दडलेली आहे. खाली फिल्टर ठेवायची झुलती कडी असते. तिच्यात पारदर्शक प्लास्टिकच्या चकतीवर मधोमध काळ्या कागदाचा गोल चिकटवून ठेवा. गोल साधारण एक सेंटिमीटरचा, दोन-तीन मापं कापून बघावी लागतात. आयरिस पूर्ण उघडा, एलईडी पूर्ण, कंडेन्सर वर. मधला थेट प्रकाश अडतो, फक्त तिरका प्रकाश नमुन्यावर पडतो आणि दहाच्या ऑब्जेक्टिव्हखाली काळ्या आभाळात चकाकणारे पॅरामीशियम हे एकपेशीय जीव पोहताना दिसतात. चाळीसवर ही युक्ती नीट जमत नाही, कारण त्या भिंगाच्या रुंद कोनात तिरका प्रकाशही शिरतो. पाणी घेताना वरचं स्वच्छ पाणी घेऊ नका, तळाचा आणि कुजक्या पानांवरचा बुळबुळीत थर ड्रॉपरने उचला. प्राणी फार पळत असतील तर कापसाचे चार-पाच तंतू थेंबात टाका. त्यांची वाटही अडते आणि कव्हरस्लिपचा दाबही पडत नाही.

शंभरचं ऑब्जेक्टिव्ह हा या साच्यातला सर्वात कमी वापरला जाणारा आणि सर्वात जास्त खराब होणारा भाग. ते तेलाशिवाय बघायचं नसतंच. काचेतून हवेत शिरताना ४१ अंशांहून जास्त तिरके किरण काचेतच परत फिरतात, आणि बारकावे याच तिरक्या किरणांत असतात. काचेइतक्याच अपवर्तनांकाचं तेल, म्हणजे १.५१५ चं, मध्ये ठेवलं की किरणांना काच संपल्याचं कळतच नाही. सोबत येणाऱ्या चिमुकल्या बाटलीत बरेचदा सीडर तेल असतं. ते चालतं, पण वाळून भिंगावर लाखेसारखं बसतं. न वाळणारं कृत्रिम इमर्शन ऑइल वेगळं घ्यावं. ‘खोबरेल चालेल का?’ असं प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतंच. त्याचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास, म्हणजे कोरड्यापेक्षा बरं, पण प्रतिमा धुरकट. आणि थंडीत नागपूरला ते भिंगावरच थिजेल.

याची परीक्षा दह्यावर घ्या. दह्याच्या निवळीचा छोटा थेंब काचेवर पातळ पसरा, पूर्ण वाळवा, ज्योतीवरून तीनदा फिरवा. मग स्लाइड मिथेनॉल किंवा स्पिरिटमध्ये मिनिटभर बुडवून वाळवा, नाहीतर स्निग्धांशाचे गोल सगळीकडे आडवे येतात. स्पिरिट ज्योतीपासून लांब ठेवा. मेथिलीन ब्लू एक-दोन मिनिटं, धुणं, वाळवणं. कव्हरस्लिप नको. चाळीसवर फोकस करा, चकती अर्धी फिरवून मध्ये तेलाचा एकच थेंब ठेवा, शंभर त्यात उतरवा आणि फक्त फाइन नॉब हलवा. कंडेन्सर पार वर, आयरिस जवळजवळ पूर्ण उघडा, एलईडी पूर्ण. निळ्या काड्या आणि गोल जीवाणूंच्या जोड्या-साखळ्या दिसतात. काड्या स्वच्छ कडेच्या दिसल्या तर ऑब्जेक्टिव्ह उत्तम. एका बाजूला शेपटीसारखी धूसर छाया प्रत्येक कणाला असेल तर भिंगाची मांडणी केंद्राबाहेर आहे, बदलून मागा.

तेल लावल्यावर चाळीसकडे परत फिरायचं नाही, चारच्या बाजूने बाहेर पडायचं. चाळीसच्या टोकाला लागलेलं तेल हे या उपकरणातलं सर्वात सामान्य ‘बिघाड’ प्रकरण. भिंग धुरकट झालं म्हणून दुकानात परत आलेल्यांत हेच निघतं. लेन्स पेपर टेकवून तेल टिपा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या एका थेंबाने ओलसर केलेला दुसरा लेन्स पेपर हलक्या हाताने फिरवा, मग कोरडा. झायलीनही चालतं, पण ओतायचं नाही. भिंगं चिकटवलेला डिंक सुटतो. रुमाल, सदऱ्याचं टोक आणि टिश्यू पेपर वर्ज्य.

फोनने फोटो काढायचे असतील तर पकड देणारा होल्डर घ्याच. आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत चारशे पटीला जेमतेम ०.८ मिलिमीटर व्यासाचा असतो, हाताने धरलेला फोन त्यावर टिकत नाही. पडद्यावर आडवे काळे पट्टे सरकताना दिसले तर दोष कॅमेऱ्याचा नाही: एलईडी मंद करताना तो झपाट्याने चालू-बंद केला जातो. उजेड पूर्ण करा किंवा फोनच्या प्रो मोडमध्ये शटर एक पन्नासांश सेकंदावर न्या. वीज बेभरवशाची असेल तर चार्जिंग बॅटरीचा नमुना किंवा सोबत आरसा मिळणारा घ्या. कंडेन्सर असताना आरशाची सपाट बाजू वापरायची, अंतर्गोल बाजू कंडेन्सर नसलेल्यांसाठी असते. आरसा उजळ आभाळाकडे वळवावा, सूर्याकडे कधीही नाही, डोळा जाईल.

पर्याय म्हणून दोन गोष्टी सुचवल्या जातात. यूएसबीने लॅपटॉपला जोडायचा ‘हजार पट’वाला नळकांडी कॅमेरा नाणी, कीटक, सर्किट बोर्ड बघायला मजेचा आहे, पण तो पेशींसाठी नाही, त्यातला हजारचा आकडा पडद्याच्या आकारावरून काढलेला असतो. दुसरा फोल्डस्कोप, मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी स्टॅनफर्डमध्ये घडवलेला घडीचा कागदी मायक्रोस्कोप. एकाच इवल्याशा भिंगाचा, १४० पट वर्धन, सुमारे दोन मायक्रॉनचा बारकावा. सहलीला, शेताच्या बांधावर तो खिशात घालून नेता येतो आणि तिथे आपलं हे पाच किलोचं धूड हरतं. दह्याच्या काड्यांसाठी आणि रक्ताच्या स्मिअरसाठी मात्र टेबलावरचाच लागतो.

राहिला पावसाळा. मुंबई-कोकणात आणि गोव्यात भिंगांवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात, आणि एकदा काचेवरचा थर खाल्ला की साफ करूनही डाग राहतो. सोबत येणारी लाकडी किंवा थर्मोकोलची पेटी जून ते सप्टेंबर वापरू नका, दोन्ही ओल धरून ठेवतात. ऑब्जेक्टिव्ह आणि आयपीस काढून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा निळे करा. ऑब्जेक्टिव्ह काढल्यावर चकतीची भोकं उघडी ठेवायची नाहीत, धूळ थेट नळीत जाते. त्यांवर कागदाचा गोल ठेवून टेप लावा.